छेदातली माणसे

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याच्या एका पाड्यावर मी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या तपासणीची वही घेऊन उभी होते. पथकाने सकाळपासून रक्ताचे नमुने घेतले होते आणि तपासलेल्यांपैकी किती जणांच्या रक्तात दोष आढळला, याचा भागाकार मी उभ्या उभ्याच करून टाकला. शेजारी बसलेल्या पावरा आदिवासी समाजातल्या आजोबांनी तेव्हा शांतपणे विचारले, “बाई, ऊसतोडीला गेले त्यांचं रक्त कोण तपासणार?” मी मान वर करून पाहिले. निम्म्याहून अधिक घरांची कुडाची दारे ओढून घेतलेली होती.

दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी लेकराबाळांसह दक्षिण गुजरातेतल्या उसाच्या फडांवर जातात, हे मला ऐकून ठाऊक होते. परंतु माझ्या गणितात ते कुठेच नव्हते. पाड्यावर उरली होती ती म्हातारी माणसे. सिकलसेलचा रुग्ण उपचारांअभावी तरुणपणीच दगावण्याचा धोका मोठा असल्यामुळे, केवळ वृद्धांकडे पाहून काढलेला आकडा रोग आहे त्याहून कमी दाखवणार होता. माझा अंश बरोबर होता, छेद चुकला होता.

लोकसंख्या आरोग्य या विषयात गेली काही वर्षे मी जे शिकत आहे, ते बहुतेक या छेदाविषयीच आहे. मी चोपडा तालुक्यातील केळी-कपाशीच्या घरातली. जळगावच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकले आणि नंतर देवनारच्या, १९५६ साली स्थापन झालेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत गेले. तिथे आकडे कसे तपासावेत हे मी शिकले. पण आकड्यांतून गळलेला माणूस कुठे शोधायचा, हे शिकायला स्थलांतराचा अभ्यास करणारे, रक्ताचा आजार जाणणारे डॉक्टर आणि पावरी-भिलोरी बोलणाऱ्या आशाताई या सगळ्यांजवळ बसावे लागले.

सिकलसेलचेच उदाहरण घ्या. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः रुग्ण नसले तरी रक्तातला दोष बाळाला देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे झाले अनुवंशशास्त्र. पाड्यावर होणारी सोल्युबिलिटी ही रक्ताची झटपट प्राथमिक चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही, त्यासाठी रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची चाचणी लागते. हे प्रयोगशाळेचे शास्त्र. थंडी, अतिश्रम आणि अंगातले पाणी कमी होणे यांमुळे रुग्णाच्या हाडांत असह्य कळा उठतात, आणि ऊसतोड कामगाराचा हिवाळा नेमका याच तीन गोष्टींनी भरलेला असतो. इथे श्रमाचे अर्थशास्त्र सुरू होते. या कळांचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. पण कागदपत्रे एका राज्यात आणि माणूस दुसऱ्या राज्यात असेल, तर उपचाराची साखळी तुटते. यातला कोणताही एक धागा ओढून रुग्णाचे दुखणे कळत नाही.

तरुण संशोधकासाठी ही वाट सोपी नाही, हेही सांगितले पाहिजे. एका मुलाखतीत मला विचारण्यात आले, “तुमचा विषय नेमका कोणता? संख्याशास्त्र की वैद्यक?” त्या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नव्हते आणि ती नोकरी मला मिळाली नाही. म्हणून या वाटेने येऊ पाहणाऱ्या खानदेशातल्या मुलामुलींना मी आग्रहाने सांगेन, की आधी एका शास्त्रात पक्के व्हा. मग दुसऱ्याची भाषा शिका. घरची अहिराणी किंवा पावरीही त्यात मोजा, कारण प्रश्नावलीतला ‘थकवा’ त्या भाषेत कसा विचारायचा हे मुंबईतल्या तज्ज्ञाला सांगता येणार नाही.

आजोबांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही पाहणीचे वेळापत्रकच बदलले. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. त्या दिवसांत फडावरची माणसे ढोल, नवे कपडे आणि वर्षभराची ओढ घेऊन गावी परततात, आणि धडगावच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. छेद पुरा करायचा तर तो तिथे, त्याच दिवसांत करता येतो. सणात सुई घेऊन जाणे मला प्रथम अवघड वाटले होते. म्हणून बाजारात आम्ही फक्त भेटी ठरवतो आणि होळी पेटल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाड्यावर जातो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरवले आहे. उसाच्या फडावर जाणारी माणसे बहुतेक याच वयाची आहेत.

आमच्या वहीत आता एक जादा रकाना आहे: ‘आज घरी नाही, कुठे आहे, कधी परतणार’. दिवाळीनंतर मुकादमाची गाडी पाड्यावर येण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णांच्या हाती पुरेशा गोळ्या आणि तपासणीचा कागद देता यावा, म्हणून तो रकाना आम्ही आतापासूनच भरत आहोत.