पंचांग, वास्तू आणि जास्वंदीची फांदी

(मुंबईतील बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, मुंबईत बाग म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला खिडकीच्या ग्रीलमध्ये मावतील तेवढ्या कुंड्या येतात, आणि म्हणूनच राणीच्या बागेतल्या महापालिकेच्या पुष्पप्रदर्शनात किंवा एखाद्या नर्सरीत समानधर्मी माणूस भेटला की आपण हरखून जातो. जरा वेळाने हाच माणूस सांगू लागतो, की अमावास्येला लावलेली फांदी जगत नाही, मनीप्लांट चोरून आणला तरच फोफावतो आणि ओंकार ऐकवला की मोगऱ्याला कळ्या जास्त धरतात. चिकित्सक माणसाची इथे पंचाईत होते. वाद घालावा तर संध्याकाळ वाया जाते, आणि उठून जावे तर जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांचा बंदोबस्त कसा करावा हे नेमके ठाऊक असणारा माणूसही तोच असतो. माझे म्हणणे असे आहे, की त्याचे निरीक्षण आणि त्याने दिलेले कारण या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या ठेवाव्यात. मग त्याचा सहवास मनापासून घेता येतो.

नक्षत्रांचेच पाहा. मृग लागल्यावर फांद्या लावाव्यात, असे जुनी माणसे सांगतात, आणि तो सल्ला अगदी योग्य आहे. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या गतीवरून ठरतात, त्यामुळे सूर्याचा मृगप्रवेश दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास होतो आणि मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. हवेत दमटपणा आला की मुळे नसलेल्या फांदीच्या पानांतून पाणी कमी उडते आणि तिला मुळे फुटायला अवधी मिळतो. तिथीचे मात्र तसे नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे एकच तिथी कधी कोरड्या उन्हात येते, तर कधी भर पावसात, आणि चंद्राच्या कलांमुळे फांदीच्या जगण्यात फरक पडतो याला भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. एकाच पंचांगातले हे दोन सल्ले आहेत. पहिल्यात पिढ्यांचे निरीक्षण आहे, दुसऱ्यात नाही. (घरात निवडुंग आणि बोन्साय नकोत या वास्तुनियमाबद्दल मी चकार शब्द काढत नाही, कारण माझ्याकडची काही उत्तम निवडुंगे त्याच धास्तीपायी मला फुकट मिळाली आहेत.)

पंचांग न मानणाऱ्यांनीही फार फुशारू नये. ‘हवा शुद्ध करणारी रोपे’ हा समज विज्ञानाचा अंगरखा घालून आला आहे. तो ज्याच्या आधारावर सांगितला जातो, तो नासाचा १९८९चा अभ्यास बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. आपल्या घरांत खिडक्या-दारांतून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० रोपे लागतील, असा हिशेब निघाला. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतो, हेही असेच. तो रात्री कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लाच्या रूपात साठवतो, हे खरे. पण ऑक्सिजन उजेडाशिवाय तयार होत नाही.

आता ब्रह्मकमळ. आपल्या बाल्कनीत पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री उमलते, ते मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे निवडुंगवर्गीय झाड आहे. हिमालयातले ब्रह्मकमळ निराळे. पण ज्यांच्याकडे ते फुलते त्या काकू मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावतात, फुलाला हळदकुंकू वाहतात आणि मागेल त्याला पानासारखा दिसणारा खोडाचा तुकडा कापून देतात. तिथे वनस्पतिशास्त्राचा वर्ग घेणे मला शुद्ध अरसिकपणा वाटतो. कोणी आपणहून विचारले, तर सगळे सांगावे.

दोन ठिकाणी मात्र मी गप्प बसत नाही. मासिक पाळीत बाईचा हात लागला की तुळस किंवा कढीपत्ता सुकतो, असे कोणी म्हणाले, तर त्या समजाचा जाच झाडाला नव्हे, समोर बसलेल्या मुलीला होत असतो. मुंबईच्या कुंडीतली तुळस बहुधा साचलेल्या पाण्याने किंवा अपुऱ्या उन्हाने जाते, आणि हे त्या मुलीच्या देखत बोलायला हवे. दुसरे ठिकाण गुळवेलीच्या काढ्याचे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, हेही सांगितले पाहिजे. तरीही गुळवेलीची फांदी कोणाला देताना मी ती वेल म्हणून देतो, आणि यकृताचे दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज तिचा काढा पिऊ नये, हे फांदी हातात ठेवण्याआधीच सांगून टाकतो.