दुकानातला गेम महाग का वाटतो?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न आलाय, आणि एकाचा नाही, अनेकांचा: "ताई, तोच बोर्ड गेम ऑनलाइन स्वस्त मिळतो, मग गेमच्या दुकानात कशाला जायचं?"

उघड गोष्टी आधी उरकते. ऑनलाइन सूट जास्त, निवड भरपूर, सामान दारात येतं. सगळं मान्य.

आता हा डबा बघा. कॅटान, १९९५ सालचा गेम. डब्यावर लिहिलंय, ३ ते ४ खेळाडू. ऑनलाइन घेताना ही ओळ सहज नजरेतून सुटते. डबा घरी येतो, खेळायला माणसं दोनच, आणि तो कपाटावर जाऊन बसतो. चांगला दुकानदार पहिलाच प्रश्न विचारतो, "खेळणार किती जण?"

हाच गेम मी पहिल्यांदा एका अनोळखी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला होता, चांगल्या सवलतीत. या गेममध्ये चोर हलवला की समोरच्याच्या हातातला गहू, लाकूड अशा मालाचा एक पत्ता न बघता ओढायचा असतो. दुसऱ्याच डावात भाऊ म्हणाला, "तुझ्याकडे गहू कुठाय ते मला दिसतंय." गव्हाच्या पत्त्यांची पाठ बाकीच्यांपेक्षा गडद होती! नकली माल. पाठ ओळखू आली की तो डाव संपलाच. प्रकाशकाला लिहावं तर काय लिहिणार? त्यांनी छापलेलाच नव्हता तो.

आता जे मला मनापासून खटकतं ते. दुकानात जायचं, तासभर गेम खेळून बघायचा, दुकानदाराकडून नियम समजून घ्यायचे, आणि तिथेच बसून फोनवरून दुसरीकडे ऑर्डर टाकायची. हे करू नका हो.

तुम्ही ज्या टेबलावर बसलात, त्या जागेला भाडं आहे. तिथे टेबल काढून आणखी दोन कपाटं माल मावला असता. त्या टेबलाचे पैसे डब्याच्या किमतीत आहेत.

बरं, टेबल सोडा. तुम्ही खेळलात तो डबा दुकानदाराने स्वतःच्या पदरचा फोडलाय. पत्ते हाताळून मऊ पडलेत, कोपरे झिजलेत. तो आता नवा म्हणून विकता येणार नाही. तेही किमतीत आहे.

आणि पत्त्यांचे गेम खेळणाऱ्यांनी तर हे ऐकाच. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या गेमचा नवा संच विक्रीला येण्याआधी दुकानात तो खेळायला बोलावतात, त्याला प्रीरिलीज म्हणतात. तेव्हा सहा पाकिटं फोडून तिथल्या तिथे ४० पत्त्यांचा डेक, म्हणजे खेळायची गड्डी, बांधायचा आणि अनोळखी माणसासमोर बसायचं. पाकिटं ऑनलाइन मिळतील. पण समोर बसणारा माणूस? तो त्या टेबलामुळे येतो, आणि टेबल तुमच्या खरेदीवर टिकतं. मी पुन्हा पुन्हा टेबलावर येतेय, कारण किमतीची तुलना करताना आपण नेमकं तेच विसरतो. दोन ठिकाणी डबा तोच असतो, सौदा तोच नसतो.

एका दर्शकाने लिहिलंय, "आमच्या जवळच्या दुकानात नवख्यांना कुणी विचारत नाही, उलट हसतात." मग जाऊ नका तिथे. जे दुकान नवख्याला खुर्ची देत नाही, त्याने जास्तीचे पैसे मागायचा हक्क गमावलाय.

आणि ज्यांच्या आसपास दुकानच नाही, किंवा जुना, छपाई थांबलेला गेम हवाय, त्यांनी ऑनलाइनच घ्या, त्यात वावगं काही नाही. फक्त विक्रेता प्रकाशकाने नेमलेला आहे का ते तपासा. आणि डबा आला की खेळायला बसण्याआधी सगळे पत्ते पालथे मांडा, खिडकीपाशी, दिवसाउजेडी. एखादी पाठ वेगळी दिसली, तर त्याच दिवशी परत पाठवा.