थाळनेरची नात

(पहाट. तापीचं पात्र. एक नाव काठाला लागते.)

ही तापी. ऊन अजून पाण्यावर उतरलेलं नाही आणि पैलतीर धुक्यात आहे. या काठावर थाळनेर. जिल्हा धुळे, तालुका शिरपूर. आईच्या माहेराला आपल्या अहिराणीत 'मामानं गाव' म्हणतात. लता मंगेशकरांचं मामाचं गाव हे.

इंदूर सगळ्यांना ठाऊक आहे. २८ सप्टेंबर १९२९ ला त्या तिथे जन्मल्या. मंगेशीही ठाऊक आहे, कारण आडनाव तिथलं. सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई यांच्याविषयी भरपूर लिहिलं, बोललं गेलं. थाळनेरच्या वाट्याला बहुतेक वेळा एक ओळ येते. बापाचं गाव माणसाला आडनावातून चिकटतं, आईचं गाव मागे राहतं. म्हणून आम्ही कॅमेरा आधी इथे लावला.

(फारुकी कबरी. दगडावरचं कोरीवकाम जवळून.)

आधी गाव नीट बघा. ही अष्टकोनी कबर. आठही बाजूंना नक्षी आहे आणि एका बाजूवरून नजर हलत नाही तोवर पुढची खुणावते. दगड काळवंडलाय, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेत, तरी वेलींच्या रेषा अजून धारदार आहेत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्या उठून दिसतात, म्हणून तीन दिवस आम्ही याच वेळी इथे आलो. खानदेशावर राज्य करणारं फारुकी घराणं इथून सुरू झालं. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजाला हा मुलूख जहागीर म्हणून दिला. पुढे फारुकींची राजधानी बऱ्हाणपूरला गेली, पण ज्याने घराणं उभं केलं तो मलिक राजा थाळनेरच्याच मातीत आहे.

(पडका बुरूज. खाली नदी.)

आणि हा किल्ला, म्हणजे त्यातलं जे उरलं ते. होळकरांचा किल्ला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख इंग्रजांना दिला. किल्लेदार तुळशीराममामाने मात्र दरवाजे लगेच उघडले नाहीत. २७ फेब्रुवारीला इंग्रजांनी किल्ला घेतला, आतले शिपाई मारले आणि किल्लेदाराला फाशी दिली. होळकरांच्या या गावातली लेक शंभर-सव्वाशे वर्षांनी होळकरांच्याच इंदुरात बाळंत झाली. त्या बाळाचं पाळण्यातलं नाव हेमा. ते मागे पडलं आणि लता हे नाव राहिलं.

(नदीचा प्रवाह, पश्चिमेकडे.)

पाणी कुठे वाहतंय ते बघा. सुरतेकडे. बऱ्हाणपूर ते सुरत हा जुना व्यापारी रस्ता थाळनेरवरून जायचा. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याच रस्त्याने गेला, त्याच्या प्रवासवर्णनात थाळनेरचं नाव आहे. खानदेशात गुजराती बोलणारी घरं कशी, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. इथल्या माणसाला पडत नाही.

शेठ हरिदास रामदास लाड यांचं घर असंच गुजराती. शेठजी जमीनदार आणि व्यापारी, थाळनेरातलं मोठं नाव. त्यांची थोरली मुलगी नर्मदा बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीच्या मास्टर दीनानाथांना, म्हणजे लताच्या वडिलांना दिली. ती अकाली गेली आणि मग धाकटी शेवंती त्याच घरात गेली. शेवंती म्हणजे माई. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांची आई.

जरा थांबून माईंचा विचार करा. शेतीवाडीच्या, सावकारी घरातली मुलगी नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात आली. आज हे गाव, उद्या ते. पडदे, पेट्या, तालमी आणि पदरात एकामागून एक मुलं. कंपनीची भरभराट तिने पाहिली आणि पडझडही. दीनानाथांच्या गाण्यावर ग्रंथ झाले, होणारच, तो गळा तसा होता. पण ते घर सांभाळणारी बाई थाळनेरची होती, हे आम्हाला ठासून सांगायचंय.

आणि माईंची आई. या आजीकडून लता गुजराती लोकगीतं शिकली, पावागडचे गरबे शिकली. रागदारी वडिलांकडून आली. ही दुसरी शिदोरी आजोळची.

(जुनी छायाचित्रं.)

२४ एप्रिल १९४२. पुण्यात दीनानाथ गेले. लता सगळ्यांत थोरली, तेराही पूर्ण नव्हती. आधाराला आले चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायक, आणि त्याच वर्षी ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. 'पहिली मंगळागौर', नायिका स्नेहप्रभा प्रधान, छोटी भूमिका लताची. मग 'माझे बाळ'. आशाचं पहिलं चित्रपटगीत याच चित्रपटातलं. १९४५ च्या 'बडी माँ'त नूरजहाँ होती आणि लताही होती. तोंडाला रंग फासणं, दिव्यांखाली उभं राहणं तिला मनापासून नकोसं होतं, पुढे तिने ते अनेकदा सांगितलं. घर चालायला हवं होतं, म्हणून ती उभी राहिली.

(ग्रामोफोन. तबकडी फिरते.)

ही तबकडी एका संग्राहकाने आमच्यासाठी कपाटातून काढली. १९४९ चा 'महल'. मधल्या गोल कागदावर गायिकेचं नाव वाचा. कामिनी. पडद्यावरच्या पात्राचं नाव ते. गाण्यामागच्या माणसाचं नाव छापायची पद्धतच नव्हती. रेडिओवर गाणं वाजलं आणि हे कोण गातंय म्हणून लोक विचारत राहिले, तेव्हा कुठे नाव पुढे आलं. सुई टेकवताना संग्राहकाचा हात बघा, किती हळू उतरतो. आधी नुसती खरखर, मग ते गाणं.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. हजारो गाणी, 'आनंदघन' या नावाने मराठी चित्रपटांना संगीत, १९८९ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, २००१ मध्ये भारतरत्न. ६ फेब्रुवारी २०२२ ला त्या गेल्या.

(थाळनेर. दिवेलागण. बायका अंगणात जमतायत.)

चित्रीकरणाचा शेवटचा दिवस नवरात्रातला निघाला. आम्ही ठरवून आलो नव्हतो. गल्लीत रांगोळी पडली, मधोमध दिवा ठेवला. नऊवारीतल्या आजी पुढे, पंजाबी ड्रेसमधल्या नाती मागे. एकीने सुरुवात केली, बाकीच्यांनी टाळी धरली. शब्द गुजराती आहेत, उच्चार आपला खानदेशी. गाणं पावागडच्या देवीचं.

इथून पुढे निवेदन नाही. गरबा पूर्ण ठेवलाय.