पातेल्यात पाणी कुणी वाढवलं?

(पाळणाघर चालवणाऱ्या महिलांसमोर एका निवृत्त पर्यवेक्षिकेने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘पाळणाघरातील आठवड्याचा आहार’. तो सांगणारच आहे, पण आधी माझ्या खिचडीबद्दल ऐका. माझ्या घरचे आता ऐकत नाहीत.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, हा तेव्हाचा नियम. एकदा आम्ही चौघं साहेब-बाई न कळवता एका पाड्यावर गेलो. मदतनीसबाईंनी आम्हाला पाहिलं, पदर खोचला आणि चुलीवरच्या खिचडीत तांब्याभर पाणी ओतलं. पाहुणे आले की आमटीचं जे होतं, तेच! आम्ही नको-नको म्हटलं, मग दोन-दोन वाट्या खाल्ल्या. मी वहीत शेरा मारला, ‘आहार समाधानकारक’.

हसा. मी तेव्हा हसले नव्हते. कारण माझ्या शेजारी एक पोरगी बसली होती. तिनं एक वाटी संपवली, दुसरी अर्ध्यावर सरकवली, म्हणाली, “प्वाट भरलं.” पोट ढोलकीसारखं टम्म. जीप निघेपर्यंत तीच पोरगी आईच्या पदराला धरून भाकरी मागत होती. सेविकाताई म्हणाल्या, “हिचं रोजचंच आहे, खादाड आहे.” खादाड! दंडाचा घेर मोजायची फीत लावली तर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम कुपोषित.

तिनं खाल्लं काय? पाणी. दहा किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम 300 मिली मावतं, म्हणजे दीड-दोन वाट्या. पातळ पेजेच्या वाटीत 10 ग्रॅम पीठ असेल तर कॅलरी 35. आणि चहाच्या एका चमच्यात मावणारं 5 ग्रॅम तेल? 45! तरी आपण काय म्हणतो, “लहान आहे, पातळ दे, पचायला हलकं.” त्या ‘हलकं’ शब्दावर माझा जुना राग आहे. हलकं म्हणजे रिकामं, बायांनो. चमचा तिरका केला की घास घसरून पडता कामा नये, एवढं घट्ट हवं.

मग घट्ट गिळवेल कसं, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. ऐकू आलं. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. नाचणीला मोड आणायचे, वाळवून दळायची. मोड येताना धान्यात तयार होणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, पिठूळपणा तोडतात, त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी खीर गुठळत नाही. शिवाय नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. डब्यातल्या महागड्या पावडरीचं नाव मी घेणार नाही, आयोजकांनी बजावलंय.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. बरं, तक्ता पटापट लिहून घ्या. पाळणाघरात मूल आठ-नऊ तास असतं, म्हणजे तीन वेळा तरी खाणं तुमच्या हातून होतं. सकाळी त्याच मोडाच्या नाचणीपिठाची, म्हणजे सत्त्वाची, खीर किंवा भाज्या घातलेलं थालीपीठ. दुपारी घट्ट वरण-भात, वाढताना वरून एक चमचा तूप, पालेभाजी आणि लिंबू. लिंबानं लोह अंगी लागतं. चार वाजता केळं, उकडलेलं अंडं, नाहीतर शेंगदाण्याचं कूट घातलेला लाडू. अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. एका वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, आजी कितीही रागावू दे. चहा-बिस्किट बंद: बिस्किटानं भूक मरते, चहानं लोह वाया जातं. डाळ, भाजी रोज बदला. अंडं चालत नसेल त्यांना मटकीची उसळ, दही. अंड्यावर वाद नंतर, बाहेर.

मागे टेबलावर खिरीचं पातेलं आहे. चमचा तिरका करून बघा. घसरली तर दोष आयोजकांचा. पाहुणे वाढलेत म्हणून मघाशी कुणीतरी तांब्या घेऊन तिकडे गेलं होतं.