साहेब, तुम्हाला नेमकं काय हवंय?

आजचा विषय नेतृत्वाचा असला, तरी सुरुवात मी काकिनाड्यापासून करणार आहे. आंध्रच्या किनाऱ्यावरचं हे बंदराचं शहर. १९६४ साली हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तिथल्या छोट्या व्यावसायिकांसाठी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत दहा दिवसांचं शिबिर घेतलं. त्यात कुणाला भांडवल दिलं नाही की यंत्रं. लोकांकडून गोष्टी लिहून घेतल्या, खेळ खेळून घेतले आणि पुढे काय करायचं याचा आराखडा ज्याचा त्यालाच मांडायला लावला. पुढच्या काळात या मंडळींनी नवे धंदे सुरू केले, पैसे गुंतवले, माणसं कामावर घेतली. आणि हे सगळं शिबिराला न गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात केलं. ‘त्याच्यात ती धमकच नाही’ असं आपण एखाद्याबद्दल किती सहज बोलून मोकळे होतो! हा प्रयोग कळल्यापासून मला तरी ते वाक्य पटत नाही.

त्या गोष्टी कशासाठी, ते सांगतो. एक चित्र दाखवायचं. टेबलाशी एक माणूस बसलाय, समोर कामाचे कागद, बाजूला बायकामुलांचा फोटो. यावर गोष्ट लिहा. एकजण लिहितो, त्याला घरची आठवण येतेय, रविवारी सगळे कुठे गेले होते ते आठवतंय. दुसरा लिहितो, पुलाच्या आराखड्यात अडचण आलीय आणि ती आज सोडवायचीच असं त्यानं ठरवलंय. तिसऱ्याच्या गोष्टीत त्याला उद्या बैठकीत सगळ्यांना आपल्या बाजूला वळवायचंय. चित्र तेच. लिहिणाऱ्याच्या मनात जे घोळत असतं तेच कागदावर उतरतं. मॅक्लेलंड यांनी यातून तीन ओढी धरल्या: काम सरस करून दाखवण्याची, माणसं जोडून ठेवण्याची आणि दुसऱ्यांवर प्रभाव पाडण्याची. तिन्ही प्रत्येकात असतात, प्रमाण वेगळं असतं. म्हणून कुणाच्या कपाळावर शिक्का मारायला हे वापरू नका.

आता खरी अडचण. पहिली ओढ जबर असलेला माणूस कामाला वाघ असतो. म्हणून आपण त्यालाच बढती देतो, आणि गाडी तिथेच अडते.

चाकण भागातले एक सुपरवायझर मला आठवतात. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर, त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. नवीन आलेला पोरगा मायक्रोमीटरनं शाफ्टचा व्यास मोजत होता. माप किंचित जास्त येत होतं. ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, मशीनला किती द्यायची याचा तो मनात हिशेब करत होता, ओठ हलताना दिसत होते. साहेबांना उत्तर आधीच कळलं होतं. त्यांनी हात पुढे केला, पॅनलवर आकडा टाकला, बटण दाबलं. पुढचा जॉब, म्हणजे पुढचा शाफ्ट, बरोब्बर मापात निघाला. ‘हे असं,’ म्हणाले आणि दुसऱ्या मशीनकडे वळले. पोरगा चिंधीला हात पुसत उभा राहिला. शिफ्ट सुटल्यावर साहेब मला सांगत होते, ‘पोरं डोकंच चालवत नाहीत हो, सगळं मलाच बघावं लागतं.’

हा माणूस दुष्ट नाही, आळशी तर नाहीच. जॉब मापात निघाल्याचं समाधान त्याला स्वतःच्या हातानं हवंय. ते पोराला मिळू द्यायचं, तर आपली ओढ काय आहे हे आधी त्याला कळायला हवं. तोवर त्याला ‘कामं वाटून द्या’ असं कितीही सांगितलं तरी फरक पडत नाही.

१९७६ साली मॅक्लेलंड आणि डेव्हिड बर्नहॅम यांनी व्यवस्थापकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची टीम जोमानं काम करत होती, त्यांच्यात प्रभावाची ओढ ही सगळ्यांना आवडावं या ओढीपेक्षा जास्त होती. पण ती संयमित होती आणि स्वतःच्या मोठेपणाऐवजी संस्थेच्या कामी लावलेली होती. सगळ्यांशी गोड राहू पाहणारा साहेब मात्र गोत्यात येतो. एकाची अडचण ऐकून त्याला सूट देतो, दुसऱ्याला नाही म्हणणं जमत नाही, आणि नियम पाळणाऱ्याला वाटतं, आपणच येडे ठरलो.

कोचिंग करताना मी चित्रं वापरत नाही. मी विचारतो, ‘गेल्या महिन्यात कामावरची कुठली गोष्ट तुम्ही घरी जाऊन आपण होऊन सांगितलीत?’ त्या सुपरवायझरांनी क्षणाचाही विलंब न लावता एका अवघड सेटिंगची हकिगत सांगितली. त्यात पोरं कुठेच नव्हती. हे त्यांच्याच लक्षात आलं, मला बोलावं लागलं नाही. मग आम्ही त्यांची ओढ बदलायच्या फंदात पडलो नाही, मोजायची गोष्ट बदलली: मदतीशिवाय सेटिंग करू शकणारी पोरं किती तयार झाली. आकडा समोर दिसला की असा माणूस त्याच्या मागे लागतोच.

तो आकडा ठरवताना एक पथ्य पाळा. रिंग फेकायच्या खेळात कुठून फेकायची हे खेळणाऱ्यावर सोडलं, तर काम सरस करायची ओढ असलेले लोक खुंटीला खेटून उभे राहत नाहीत आणि फार लांबही जात नाहीत. जिथून जमेल, पण कस लागेल, ती जागा ते निवडतात. टार्गेट वरून लादण्याआधी माणसाला स्वतःची जागा एकदा निवडू द्या.

आणि हे स्पष्टच सांगतो, पगार वेळेवर होत नसेल, कँटीनमधलं जेवण खाण्याजोगं नसेल, तर यातलं काहीही करायला जाऊ नका. आधी ते निस्तरा. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाला ओढीबिढीबद्दल विचारणं मला अन्यायाचं वाटतं.

तुमच्यासमोर कोरे कागद ठेवलेत. घरी सांगितलेली ती गोष्ट त्यावर चार ओळींत लिहा. नाव घालू नका. चहानंतर ज्यांची तयारी असेल त्यांच्या गोष्टी वाचून आपण बोलू.