काकवीला घरात पुन्हा जागा द्या

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय आहे 'काकवी : स्वयंपाकात आणि घरात'. इथल्या निम्म्या लोकांच्या घरी काकवीचा डबा होता हे मला माहीत आहे, त्यामुळे लांबलचक ओळख करून देत नाही. उसाचा रस आटवताना, गूळ होण्याआधीच काढून घेतलेला पाक, ती काकवी. पण परवा भाचीने फोन केला, "मावशी, केकच्या कृतीत मोलॅसिस लिहिलंय. कारखान्यातून मळी मिळेल का गं?" अगं बाई, नको!

कारखान्यात रस चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ करतात, आटवतात, साखरेचे दाणे काढून घेतात. असं दोन-तीनदा करून आणखी साखर काढणं परवडेनासं झालं की उरते ती मळी. टनभर उसामागे साधारण 40 ते 45 किलो. ती जाते अल्कोहोल करायला, थोडी जनावरांच्या खाद्यात. काकवीतून साखर काढलेलीच नसते. तो अख्ख्या रसाचा पाक. केकमध्ये तीच घालायची.

आता गुऱ्हाळाबद्दल बोलू द्या, कारण खरं दुखणं तिथे आहे. आमच्या कोल्हापूरच्या करवीर भागात थंडीत चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळाची मोठी चूल, पेटलं की वास लांबवर जातो. काहिलीतल्या, म्हणजे मोठ्या कढईतल्या, रसात रानभेंडीचा चिकट रस सोडतात. घाण फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. पाक 105-106 अंशांवर आला की काकवी काढतात. तोच 118च्या आसपास गेला की गूळ. गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. दोन मिनिटं उशीर झाला तर माल करपला. असं कसब असलेल्या माणसाला आपण काय सांगतो? "गूळ पिवळाधमक पाहिजे!" बाजारात भाव रंगावर ठरतो, मग काहिलीत हायड्रोस, म्हणजे रंग उजळवणारी पावडर, पडते. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपण अजून रंगच बघतो. आता काकवीही मधासारखी फिकी मागतात. माझ्या ओळखीच्या एका गुऱ्हाळवाल्याची गडद, सुरेख काकवी एका दुकानाने 'काळी आहे' म्हणून परत पाठवली. मला फार वाईट वाटलं. तुम्ही घ्याल तेव्हा गडद मागा. दुकानदाराला ऐकू जाईल असं मागा!

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. स्वयंपाकाचं भराभर सांगते.

उकळताना रसातल्या थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ते ओल धरून ठेवतं, म्हणून काकवीच्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, केकही. त्याच कारणाने चिक्कीत काकवी घालू नका, कडक होणार नाही. भोपळ्याच्या घारग्यांत घातली तर पीठ भिजवायला पाणी जवळजवळ लागत नाही. ती किंचित आंबट असते, त्यामुळे खायच्या सोड्याबरोबर केक छान फुलतो, पण उकळत्या दुधात घातली तर दूध फाटू शकतं. दूध कोमट होऊ द्या. चिंचेच्या आमटीत, कारल्याच्या रसभाजीत गुळाऐवजी घालून बघा. घावनाबरोबर तर काही सांगायलाच नको. मधुमेहींनी मात्र तिला साखरच समजावं.

घरातले उपयोग. गच्चीवरच्या बागेसाठी जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं पातळ खत, करता ना? 200 लिटर पाण्याला दोन किलो गूळ सांगतात. जुनी, आंबलेली काकवी तिथे चालते, जिवाणूंना गोडाशी मतलब. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी मिसळत, आजही दुरुस्तीला तेच वापरतात. घरात चुन्याचं काम निघालं तर गवंड्याला विचारा.

समोरून प्रश्न आलाय, बाटलीच्या तळाशी खडे जमतात, भेसळ असते का? खडे दिसले म्हणजे भेसळ, असं नाही. ती उसाचीच साखर खाली बसते. बाटली गरम पाण्यात उभी ठेवा, खडे विरघळतील. ओला चमचा मात्र घालू नका. फसफसली, झाकण उडालं, तर खायची नाही. बागेच्या पिंपात ओता.