एकदाच फुलणारा माड

श्रोतेहो, नमस्कार.

एकादशीच्या आदल्या रात्री घरोघरी साबुदाणा भिजत पडतो. त्या दाण्याला ज्या झाडावरून नाव मिळालं, त्या झाडाबद्दल मला आज बोलायचं आहे. आणि तसंच आयुष्य जगणाऱ्या, आपल्या कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेच्या, कडेला उभ्या असलेल्या भेरली माडाबद्दलही.

आपण खातो तो साबुदाणा कसाव्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा. तो मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो. पिठाचे दाणे वळायची कृती मात्र जुनी आहे. मलाया, बोर्निओकडे ती आधी एका माडाच्या खोडातल्या पिठावर चालायची. त्या माडाचं मलय नाव सागू. आपल्या तोंडी त्याचा साबू झाला.

हा खरा सागूचा माड, मेट्रोझायलॉन सागू, मूळचा न्यू गिनी आणि इंडोनेशियातल्या मालुकू बेटांकडचा. गोड्या पाण्याच्या दलदलीत तो वाढतो. पोर्तुगीज जहाजं १५१२ मध्ये त्या बेटांना लागली ती लवंग-जायफळासाठी, पण तिथल्या माणसांचं रोजचं अन्न होतं या माडाचं पीठ. ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५४६-४७ मध्ये याच बेटांवर होते.

हा माड दहा-पंधरा वर्षं फुलत नाही. पानांनी केलेलं सगळं अन्न खोडाच्या गाभ्यात पिठाच्या रूपाने साठवत राहतो. मग शेंड्यावर एकदाच प्रचंड फुलोरा येतो, गाभ्यातलं पीठ फुलाफळांत खर्ची पडतं आणि ते खोड मरतं. म्हणून फुलोरा बाहेर पडण्याच्या सुमारासच तो तोडतात. एका खोडातून दीडशे ते तीनशे किलो कोरडं पीठ निघतं! बुंध्याशी फुटवे असतात, ते पुढे वाढतात. याच्या काटेरी आणि बिनकाटेरी झाडांना वनस्पतिशास्त्रज्ञ फार काळ दोन जाती मानत होते. पण बिनकाट्याच्या झाडाच्या बीपासून काटेरी रोपही उगवतं. १९८६ मध्ये दोन्ही एकाच जातीत घातली गेली. मेट्रोझायलॉनच्या बाकीच्या जाती फिजी, सामोआ, सॉलोमन अशा बेटांवर आहेत, त्यांना फुटवे येत नाहीत. कॅरोलाइन बेटांवरची एक जात तेवढी पुन्हा पुन्हा फुलते. सगळ्यांच्या फळांवर खवले असतात, अगदी आपल्या वेताच्या फळासारखे, कारण वेत हा यांचा जवळचा नातेवाईक.

आपला भेरली माड नात्याने जरा लांबचा, पण त्याची रीत तीच. नारळाचं पान एकदाच चिरलेलं असतं. भेरली माडाचं चिरलेलं पान पुन्हा चिरलेलं असतं आणि प्रत्येक पानोळीला माशाच्या शेपटीचा आकार. माडांच्या साऱ्या कुळात असं पान याच्याच गणात सापडतं. चवथीला आमच्या घरी माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीला, याच्या फळांचा घोस बांधतात. बांधताना फळ चिरडू नये, रस लागला की हाताला आग होते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये याला कॅरिओटा युरेन्स नाव दिलं, त्यातल्या युरेन्सचा अर्थच जाळणारा.

काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना आमच्या कुंपणाबाहेरचा एक भेरली माड पाडला. भरात आलेला, अजून न फुललेला. मला फार वाईट वाटलं. काकांनी त्याचं खोड कुऱ्हाडीने फोडलं. बाहेरून काळं, कठीण लाकूड आणि आत ओल्या भुशासारखा फिकट गाभा. मी तो पातेल्यात पाणी घालून कुस्करला, पंचातून गाळला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी वरचं तांबूस पाणी ओतलं, तर तळाशी घट्ट पांढरा थर! चिमटीत धरला की करकरत होता. केरळात आणि श्रीलंकेत हेच पीठ लोक खात आले आहेत.

पुढे कुळागरातला दुसरा भेरली माड फुलून, फळून उभ्या उभ्या वाळला. त्याचाही गाभा मी तसाच धुतला. हाती आले नुसते धागे आणि गढूळ पाणी. सगळं पीठ फळांत गेलं होतं. ती फळं उदमांजरांनी खाल्ली आणि बिया रानभर टाकल्या.

पण भेरली माड सागूसारखा एका हंगामात संपत नाही. त्याचा पहिला फुलोरा शेंड्याकडे येतो, मग त्याखालच्या पेरातून दुसरा, मग आणखी खाली. जटांसारखे लोंबणारे हे घोस काही वर्षं एकेक पेर उतरत येतात. सगळ्यात खालचा पिकला की झाडही जातं. त्याला फुटवेही नसतात.

त्यामुळे भेरली माड दिसला की घोस कुठवर उतरलेत ते बघावं, झाडाचं किती आयुष्य उरलंय ते कळतं. आमच्या विहिरीजवळ एक आहे. गेल्या आठवड्यात मी मोजलं. शेंड्यापासून चौथा घोस आता उलगडतोय, वरचे दोन पिकून लाल झालेत आणि बुंध्याभोवती तळहाताएवढी रोपं उगवली आहेत.